पडद्यावर बाबांचे हात : नागपूर-उमरेडचे तीन दिवस

गुरुवारी दुपारी मी नाशिकला ऑफिसात असताना गुलाबकाकांचा फोन आला. गुलाबकाका म्हणजे उमरेडला बाबांच्या शेजारी राहणारे, बाबांसारखेच विणकर, आणि गल्लीतल्या कुठल्याही बातमीचे पहिले मालक. "मीना, रविवारी मी अन् तुहा बाबा नागपूरले जाऊन राहिलो," ते खुशीत म्हणाले. "पिच्चर पाहाले. धरमपेठेकडं लागला म्हणते. भाच्यानं मोबाइलवर तिकिटं काढली." कुठला पिच्चर, हे विचारायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत मी सोमवारची रजा टाकली होती आणि शुक्रवारच्या गाडीचं तत्काळमध्ये तिकीट काढलं होतं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना वाटतं की मी मोठी धाडसी बाई आहे. एकटी घाट उतरते, लाल डब्यातून कुठंही जाते, अनोळखी गावात राहते. खरं सांगते, बाहेरची मला भीती वाटत नाही, ती सगळी मी घरच्यांसाठी राखून ठेवली आहे. घरून अवेळी फोन आला की उचलायच्या आधी मनात दोन-तीन अपघात होऊन गेलेले असतात. त्यामुळे हे प्रवासवर्णन जरा वेगळं आहे. नागपूरला कसं जायचं, काय खायचं हे सगळं सांगते, पण ते सांगणारी बाई तिन्ही दिवस घाबरलेली होती हे लक्षात ठेवून वाचा.

आधी पिच्चरविषयी. नाव देत नाही, बाबांनी देऊ नको म्हटलंय. आमच्या पिढीने कॉलेजात अभ्यासाला वाचलेली एक जुनी कादंबरी आहे, तिच्यावरून काढलेला. शंभरेक वर्षांपूर्वीचं गाव, माग चालवून पोट भरणारी तरुण विधवा, समोरच्या खोलीत भाड्याने राहायला आलेला मास्तर. दोघं अख्ख्या पिच्चरभर एकमेकांशी फार तर वीस वाक्यं बोलतात. बाकी सगळं खिडकी, दिवा, पायरीवर ठेवलेला पाण्याचा तांब्या. दोन वर्षांपूर्वी त्याचं शूटिंग करायला मंडळी उमरेडला आली होती. नायिकेनं विणणं शिकायचा मनापासून प्रयत्न केला, पण माग काय महिन्याभरात येतो थोडाच. शेवटी दिग्दर्शकाने सांगितलं, चेहरा तिचा, हात दुसऱ्या कुणाचे तरी. बाबांचे हात लहान, बोटं निमुळती. न्हाव्याला बोलावून मनगटापर्यंत केस काढले, पांढऱ्या साडीचा पदर हातावरून सोडला, आणि आमचे सदुसष्ट वर्षांचे बाबा दहा दिवस नायिका झाले. गल्लीला या गोष्टीचा कोण अभिमान.

मी हा पिच्चर आठवड्यापूर्वी नाशिकला मैत्रिणींबरोबर पाहिला होता. आणि बाबांनी तो पाहू नये असं मला तेव्हापासून वाटत होतं.

का, ते समजायला थोडं मागाचं सांगावं लागेल. आमच्याकडे करवती काठाची साडी विणतात. काठ आणि अंग वेगवेगळ्या रंगांचे, आणि दोन्ही जिथं जुळतात तिथं करवतीच्या दातांसारखी नक्षी. त्यासाठी आडवा धागा नेणारा एक धोटा पुरत नाही, तीन लागतात. एक मधल्या अंगाला, एक उजव्या काठाला, एक डाव्या काठाला. डावीकडच्या धोट्यापर्यंत एका माणसाचा हात नीट पोचत नाही, म्हणून तिथं दुसरं माणूस बसतं. बाबांच्या डावीकडे एकतीस वर्षं आई बसली. धोटा फिरवून ती बाबांच्या तळहातावर ठेवायची, न बघता. आईला जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून बाबा एकटेच विणतात, डावीकडे वाकून तो तिसरा धोटा स्वतःच उचलतात.

पडद्यावर ते हात एवढे मोठे दिसले तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक वेळी वाकायच्या आधी डावा हात थांबतो. तळवा वर, अर्धा उघडा. एखादा क्षणच. मग जणू आठवण होते, आणि बाबा वाकतात. पेपरांनी नायिकेच्या त्या थांबलेल्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं आहे, वाट पाहण्याचा असा अभिनय आपल्याकडे झाला नाही वगैरे. ती कुणाची वाट होती ते मला त्या अंधारात कळलं आणि मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

बाबांना हे माहीत नाही, याची मला खात्री होती. आपण थांबतो हे त्यांना ठाऊकच नाही. आणि माझी भीती एवढीच होती: त्यांना कळलं तर ते परत मागावर बसतील का? जिना उतरताना आपल्याच पायांकडे लक्ष गेलं की पाय अडखळतात, तसं होईल. बाबांकडे आता दुसरं काही उरलेलं नाही. सकाळी चहा झाला की माग, जेवण झालं की माग. तो सुटला तर ते कुठं जातील, काय करतील, याचा विचार करत मी गाडीत चढले.

पहिला दिवस. नाशिकरोडहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी नागपूर. फेब्रुवारीतही पहाटे चांगलं गारठतं, पांघरूण जवळ ठेवा. स्टेशनबाहेर पोह्यांवर झणझणीत तर्री ओतून देणाऱ्या गाड्या असतात, नागपुरात उतरून ते न खाता पुढं जाऊ नये. मी ते घेतले आणि दोनच घास खाऊन प्लेट खाली ठेवली. गाडीवाल्याला वाटलं मला तिखट लागलं. "मॅडम, तर्री कमी करून देऊ का?" त्याने विचारलं. मी नको म्हटलं आणि मेट्रोकडे चालू लागले. मेट्रो स्वस्त आणि रिकामी असते, मनीषनगरला जायला सोयीची.

मनीषनगरला माझी थोरली बहीण राहते, तिसऱ्या मजल्यावर. ताईने तो पिच्चर पाहिलेला नव्हता, म्हणून तिला सगळं सांगितलं. तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अन् नाही बसले मागावर, तर बिघडलं काय? सत्तरीले आले. मी चार वर्षांपासून बोलावून राहिली, इथं या म्हणून. येतील मग."

"येऊन काय करतील?"

"बसतील निवांत. गॅलरी हाय, पेपर हाय, नातू हाय."

ताई वाईट नाही, तिला त्यांची काळजीच आहे. पण मी त्या गॅलरीकडे पाहिलं. वाळत घातलेले कपडे, एक प्लॅस्टिकची खुर्ची, समोर बांधकाम चाललेली इमारत. बाबा त्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेले मला स्पष्ट दिसले, आणि मी जेवायलाही न थांबता निघाले.

उमरेडची एसटी गणेशपेठच्या बसस्थानकावरून मिळते, तासा-दीड तासाचा रस्ता. बायकांना तिकीट अर्धं. शक्यतो खिडकी घेऊ नका, कोळशाचे ट्रक बाजूने जातात आणि उतरेपर्यंत रुमाल काळा होतो. माग पाहायला कुणी उमरेडला जाणार असेल तर दोन गोष्टी. आधी विचारून आत जा. आणि आत गेल्यावर विणणाऱ्याच्या हाताविषयी काहीही बोलू नका, चांगलं किंवा वाईट. आमच्या गल्लीत ही रीतच आहे, चालत्या हाताला नाव ठेवायचं नाही. एकाचा धोटा जोरात जातो, एक जण विणताना जीभ बाहेर काढतो, सगळ्यांना सगळं दिसतं, कुणी बोलत नाही. बोललं की हात बिघडतो, असं जुने लोक म्हणतात. ही रीत आठवूनच मला थोडा धीर येत होता. चार वर्षं गल्लीने पाहिलं असेल आणि कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

बाबा ओट्यावर बसून उद्याचा सदरा झटकत होते.

"काहून आली वं अशी एकाएकी?"

"पिच्चर पाहाले. तुमच्यासंग."

"तू तं पाहिला म्हणे."

"म्हणूनच सांगाले आली बाबा. लई रटाळ हाय. एक गाणं नाही, मारामारी नाही. तुमी झोपून जासान."

"असू दे रटाळ," बाबा म्हणाले. "मले कुठं पिच्चर पाहाचा हाय. हात पाहाचे हायेत."

मी पुढचा डाव टाकला. ऊन आहे, दगदग होईल, ताईकडेच राहू, दुसरं काही तरी पाहू. तेवढ्यात भिंतीपलीकडून गुलाबकाका आले आणि माझा डाव तिथंच संपला. काकांनी मिशीला रंग लावला होता. "पोरगी घाबरून राहिली काहून?" ते बाबांना म्हणाले. "हिरोइन तू हायस गा, अन् घाम हिले फुटून राहिला." दोघं हसले. बाबांना असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते, म्हणून खरं सांगून टाकायचं धाडस मला झालं नाही. सांगितलं असतं तरी तेच झालं असतं, मीच त्यांना दाखवून दिलं असतं.

दुसरा दिवस, रविवार. नऊच्या एसटीने आम्ही तिघं नागपूरला. बाबा खिडकीशी, पांढऱ्या सदऱ्यावर कोळशाची चिंता न करता. वाटेत त्यांनी दोनदा मला विचारलं की हात मोठे दिसतात का. लई मोठे, मी म्हटलं. थिएटर धरमपेठेच्या बाजारापासून चालत पाच मिनिटांवर, दुपारचा खेळ. आधी बाजारात वडाभात खाल्ला. गरम भातावर कुस्करलेला डाळीचा वडा आणि वरून फोडणीचं तेल, नक्की खा. बाबांनी आणि काकांनी मागून घेऊन खाल्ला. मी माझा काकांच्या ताटात सरकवला.

आत पंचवीस-तीस माणसं असतील. मी बाबांच्या डावीकडे बसले, काका उजवीकडे. अर्ध्या तासाने पहिल्यांदा माग आला. पडदाभर बाबांचे हात. पदर मनगटावरून घसरलेला, कंदिलाचा उजेड, धोटा जातो, फणी आपटते. बाबा पुढं सरकून बसले. मी पडद्याकडे बघतच नव्हते, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होते. हात थांबला. बाबांच्या चेहऱ्यावर काही नाही. परत थांबला. ते नुसते खुशीत पाहत होते, जसं कुणी आपला जुना फोटो पाहतं. त्यांना दिसतच नव्हतं. मनात म्हटलं, निभावलं.

मग दुसरी वेळ. मास्तर गाव सोडून गेलाय, तिला माहीत नाही. पाऊण मिनिटभर नुसते हात, कुणाचा आवाज नाही, संगीतही नाही. डावा तळवा उघडतो, थांबतो. दिग्दर्शकाने तिथं मुद्दाम जरा जास्त वेळ ठेवलाय.

आणि गुलाबकाका चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "पाय गा, अजून वहिनीची वाट पाहून राहिला."

चार वर्षं जो माणूस भिंतीपलीकडे राहून काही बोलला नाही, तो बोलून गेला. मागावर बसलेल्या माणसाला बोलायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं आहे. पण इथं माग कुठं होता, पडदा होता. आणि पडद्यावर तर बाईचा हात. काकांना वाटलं, पिच्चरविषयी बोलायला काय हरकत. वाक्य संपतानाच त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"कुठं थांबलो?" बाबांनी हळू विचारलं.

पडद्यावर हात परत उघडला. यावेळी बाबांनी पाहिलं. मग खाली, आपल्या मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. ज्याला मी इतकी घाबरत होते ते माझ्या शेजारच्या खुर्चीत, एका वाक्यात होऊन गेलं. पुढचा पिच्चर मला आठवत नाही.

बाहेर आल्यावर चहा घेतला. काका टपरीच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. बाबांनी अर्धा चहा प्यायला.

"तुले मालूम होतं?"

"नाशिकले पाहिला तवाच कळलं."

"म्हणून आली होय तू." त्यांनी उरलेला चहा खाली ओतला. मग म्हणाले, "त्या गुलाबले काही नको बोलू. त्याच्या मनात काही नाही." आणि स्वतःच जाऊन काकांच्या हातात एक पान ठेवून आले. एसटीत उमरेडपर्यंत बाबांचे दोन्ही हात सदऱ्याच्या खिशात होते.

तिसरा दिवस. सकाळी चहा झाला. बाबा ओट्यावर बसून राहिले. आठ वाजले, साडेआठ. मी भांडी घासली, झाडलं, परत झाडलं. भिंतीपलीकडे काकांचा मागही बंद होता, तेही कान लावून बसले असणार. ताईचा फोन येऊन गेला, मी घेतला नाही. नऊच्या सुमारास बाबा उठले, आत गेले आणि मागावर बसले. मी दाराआड उभी राहिले.

खट. मधला धोटा गेला. उजवा काठ झाला. डावा हात न थांबता सरळ वाकला, धोटा उचलला. परत तेच. परत. चार धागे असे गेले, भराभर, एकही थांबा नाही. कुणाही परक्या माणसाला वाटलं असतं, काय सफाईने विणतात. मी दाराआडून बाहेर आले.

पाचव्या वेळी बाबांनी माग थांबवला. वाकून काठाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते चारही धागे एकेक करून मागे काढले.

"काय झालं बाबा?"

"कापड कसं आलं पाय. काठ आवळला." त्यांनी बोटाने दाखवलं. मला काही फरक दिसला नाही. "माह्या हाताचं नाही हे."

मी म्हटलं, "मी बसू का तिकडं? डावीकडं?"

"ते शिकाले तुह्या मायले दोन वर्षं लागले. तुही संध्याकाळी गाडी हाय." ते रागावले नव्हते. त्यांनी धोटे जागच्या जागी ठेवले, कापडावर धडपं टाकलं आणि उतरले. "उद्या बसतो. आज हात जड हाय." चार वर्षांत आज हात जड आहे असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

दुपारच्या एसटीने निघाले. काका फाट्यापर्यंत सोडायला आले आणि बस येईपर्यंत एकच गोष्ट बोलले. "मी लक्ष ठेवतो वं. आवाज येते ना मले भिंतीतून." त्यांचे डोळे लाल होते. स्टेशनवर जायच्या आधी वेळ असेल तर संत्रा बर्फी घ्या, आठवडाभर टिकते. मी तीन डबे घेतले, कुणासाठी ते ठरवलं नव्हतं.

आता नाशिकला येऊन बारा दिवस झाले. खर्च, गाड्यांच्या वेळा वगैरे कुणाला हवं असेल तर खाली विचारा, सांगेन. जावं का म्हणाल तर जरूर जा, नागपूर आणि उमरेड दोन्ही. पिच्चरही पाहा. चांगला आहे, असं सगळे म्हणतात.

पहिले तीन दिवस मी रोज विचारलं, बसलात का. बाबा म्हणाले, बसलो. काकांना विचारलं तर काका म्हणाले, आवाज आला नाही. चौथ्या दिवशी बाबांनी स्वतःहून फोन केला, जो ते कधी करत नाहीत. म्हणाले, "आयक," आणि फोन मागाशेजारी ठेवून दिला.

खट. उजवा काठ. मग काही नाही. मी फोन कानाला दाबून धरला. मग वाकल्यावर त्यांची बसायची पाटी करकरते तो आवाज, आणि परत खट. परत काही नाही. प्रत्येक वेळी तो थांबा होता, तेवढाच, जेवढा मी पडद्यावर पाहिला होता. दहा मिनिटांनी त्यांनी फोन उचलला. "आयकलं ना? आता रोज रोज नको विचारू, काम होत नाही." आणि ठेवला.

तेव्हापासून मी विचारत नाही. काका म्हणतात, माग रोज चालू आहे. बाबा येणार नाहीत हे धरून ताईने गॅलरीतली खुर्ची आत घेतली. सगळं जसं होतं तसं झालं, असं मी सगळ्यांना सांगते. फक्त एक भीती मी बरोबर घेऊन आले आहे. हात कसा थांबतो हे बाबांना आता माहीत आहे, किती वेळ थांबतो तेही. त्या फोनमध्ये ते आईसाठी थांबत होते, की मी ऐकते आहे म्हणून, हे त्यांना विचारायचं मला धाडस होत नाही.